भाचीची भट्टी

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! भाचीचं लग्न जमवायला गेलो आणि काय होऊन बसलो बघा.

माझी भाची सायली मुंबईत भौतिकशास्त्रात संशोधन करते. कर्जतहून तिला स्थळ आलं. तिला वडील नाहीत, म्हणून बोलणी करायला साजगावहून मामा, म्हणजे अस्मादिक! निघताना फोनवर विचारलं, "बाई गं, तू नक्की करतेस काय?"

"मामा, मी दुर्मिळ धातूंचे स्फटिक वाढवते. धातू भट्टीत वितळवायचे, हळूहळू थंड करायचे. मग ते स्फटिक खूप गार केले की आतले इलेक्ट्रॉन जड झाल्यासारखे वागतात. आणखी गार केले की विजेला होणारा विरोधच संपतो."

कळलं काय? काडीचं नाही! पण पाठ केलं.

कर्जतला मुलाचे आईवडील ओटीवरच बसले होते. काकूंनी पोहे पुढे केले. "पोरगी काय करते वो मामा?"

मी ऐटीत म्हणालो, "मुंबईत भट्टी लावते."

काकूंच्या हातातला चमचा पडला. "भट्टी?"

"हो! रात्रंदिवस पेटलेली असते."

"आन् पोलीस?" आबांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी विचारलं.

पोलिसांचा इथे काय संबंध? पण म्हटलं, परवानगीचं विचारत असतील. "छे! उलट सरकारच पैसे देतं."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग?"

"मग गार करायचं. जेवढं गार, तेवढं जड."

"काय, डोकं?" काकू.

इलेक्ट्रॉनला डोकं असतं? असेल बुवा! "सगळंच," मी म्हणालो. "आणखी गार केलं की विरोधच राहत नाही!"

"राहील कसा!" आबा कडाडले. "पावणं, मी हितल्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष हाय! या हातांनी भट्ट्या फोडल्यात मी!"

दारू? कुठली दारू? मला उलगडा होईपर्यंत काकू पोहे उचलून आत गेल्या! घाईघाईत सायलीला फोन लावला, स्पीकर सुरू केला. "सायले, यांना सांग, भट्टीत काय घालतेस तू?"

"सेरियम, कोबाल्ट, इंडियम."

"विंग्रजी हाय वाटतं," आबा पुटपुटले.

शेवटी पोरीनेच नीट समजावलं, "काका, हे धातू आहेत. यातून प्यायला काही निघत नाही." आबा पोट धरून हसायला लागले. पोहे परत आले. स्थळ पक्कं!

निघताना आबा फाटकापर्यंत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मामा, पोरगी पसंत हाय. पन तुमचं आजचं बोलणं आयकलं ना, म्हणून सांगतो. लाजू नका. शनिवारी आमच्या समितीत या. लय जणांची सुटलीय."

होणाऱ्या व्याह्यांना नाही कसं म्हणणार? गेलो! आणि आज मी, चहापलीकडे थेंब न चाखलेला माणूस, त्या समितीतला दारू सोडलेला आदर्श सभासद आहे. परवा तर हार घालून सत्कारही झाला!