टबातलं पाणी

घरात गरम पाण्याचा टब असावा का, असं मला अजून कोणी ना कोणी विचारतं. लग्नात भेटलेली एखादी लांबची नणंद असते, नाहीतर शिरूरची जुनी शेजारीण, जिच्या मुलानं बंगला बांधायला काढलेला असतो. "तुमच्याकडं होता ना?" असं म्हणतात. मी फायदे सांगते, तोटे सांगते, दोन्ही मन लावून सांगते. खरं काय झालं ते मात्र मांडवात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

टबाची हौस यांची. माझी नव्हे, हे आधी लिहून ठेवते. आमचे हे शिरूरजवळच्या एमआयडीसीत मशीनवर उभे राहून म्हातारे झाले. कंपनीनं एकदा ट्रेनिंगला परदेशी पाठवलं, तिथल्या हॉटेलात असला टब होता. परत आल्यावर मशीनबद्दल दोन वाक्यं बोलले आणि टबाबद्दल पुढची कित्येक वर्षं. रिटायर झाल्यावर आम्ही शिरूरचा फ्लॅट सोडला आणि कासुर्डीला शेतातल्या घरी राहायला आलो. सासूबाई तिथंच होत्या. त्याच सुमाराला हायवेकडेचं एक रिसॉर्ट बंद पडलं आणि त्यातलं सामान विकायला निघालं. लोक पंखे, खुर्च्या घ्यायला गेले. हे टब घेऊन आले.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तो आडवा पडला होता आणि मागून अर्धी आळी चालत होती. चुलतदिरानं विचारलं, "दादा, गुऱ्हाळ टाकायचं का काय?" हे हसले. मी हसले नाही. इथं चैत्र लागला की नळाचं पाणीसुद्धा आपोआप उकळल्यासारखं येतं, आणि या माणसाला वीज जाळून पाणी तापवायचं होतं. चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

पण टब मागल्या अंगणात बसला, पंप सुरू झाला, आणि दिवाळीनंतरच्या थंडीत मला माझे शब्द गिळावे लागले. ते सासूबाईंच्या हातांमुळे.

सासूबाईंना आमवात. बोटं इतकी आखडलेली की मूठ उघडायची नाही. अंबाडा त्यांना घालता येत नव्हता, लुगड्याची गाठ मारता येत नव्हती, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जेवता येत नव्हतं. भाकरी दुधात कुस्करून मी घास भरवायचे. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलेली बाई ती. तोंड उघडताना डोळे मिटून घ्यायची. केडगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, रोज कोमट पाण्यात हात-पाय शेकत बोटं हलवत राहायची. यांना तेवढंच निमित्त हवं होतं.

त्यांना टबात बसवणं मात्र सोपं नव्हतं. "एकाच्या अंगाचं पाणी दुसऱ्यानं घ्यायचं? शी." हा पहिला आक्षेप. पाणी रोज बदलत नाहीत, तेच गाळून पुन्हा वापरतात, हे कळल्यावर तर त्यांनी माझ्याकडंच असं पाहिलं की जणू मीच ते शोधून काढलंय. शेवटी तडजोड झाली. सकाळी सगळ्यांत आधी त्या बसणार, नऊवारी लुगडं नेसूनच बसणार, आणि बाहेर आल्यावर बादलीभर साधं पाणी अंगावर घेणार. पहिल्या दिवशी खालून बुडबुडे सुटले आणि लुगडं फुगून वर आलं. त्या ते दोन्ही मनगटांनी दाबत होत्या आणि हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

पाय घसरेल म्हणून मीही त्यांच्याबरोबर पाण्यात उतरायला लागले. सासू-सून गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या, असं चित्र आमच्या घरात पूर्वी कोणाच्या स्वप्नात आलं नसतं. गप्पा तिथंच सुरू झाल्या. आमचं घराणं मूळचं मेंढरं राखणारं. कालव्याचं पाणी शेताला आल्यावर सासऱ्यांनी मेंढरं विकली आणि शेती धरली, पण सासूबाईंची लग्नानंतरची पहिली वर्षं कळपामागं चालण्यात गेलेली. कुठं मुक्काम पडायचा, पोरं घोड्यावर कशी बांधायची, हे सगळं त्या सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "कुनी भाकर न्हाई दिली तरी चालतंय. पाणी न्हाई दिलं की ते न्हाई इसरत मानूस." घाटाखालच्या एका गावात भर उन्हात एका बाईनं त्यांच्या कळपाला आडावरून हाकलून लावलं होतं. त्या बाईचं दार, दाराचा रंग, उंबऱ्यावर वाळत घातलेलं फडकं, सगळं त्यांच्या लक्षात होतं.

संक्रांतीपर्यंत बोटं मोकळी होऊ लागली. आधी अंगठा, मग बाकीची. एक दिवस मी घास घेऊन बसले तर त्यांनी ताट स्वतःकडं ओढलं आणि भाकरीचा तुकडा स्वतः मोडला. पुढं एकदा चुलीवर एक लहानशी भाकरी थापलीसुद्धा, एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटलेली. त्यांच्या लेकानं ती कालवणाशिवाय खाल्ली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्या दिवशी मी यांना म्हटलं, की तुम्ही आयुष्यात एक वस्तू शहाणपणानं घेतलीत.

तोटे होतेच. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. टबाच्या बारीक भोकांत पांढरी खरपुडी धरायची आणि हे टूथब्रश घेऊन तासन्‌तास आत बसायचे. लुगड्याच्या सुतांनी फिल्टर तुंबायचा. वीजबिल आलं की घरात शांतता पसरायची. आणि पाहुणे. ज्यांनी शिरूरला आमच्या घराची पायरी चढली नव्हती ते पुण्याहून बर्मुडा घेऊन येऊ लागले. पोरं आंबा खाल्लेल्या तोंडानं पाण्यात उड्या मारायची. ती गेली की हे पाण्यात कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग बघायचे आणि हिशेबानं क्लोरीनची पावडर टाकायचे. हे पाणी प्यायचं नाही, असं घरात येणाऱ्या प्रत्येकाला बजावलेलं होतं. दुसऱ्याच्या अंगाचं पाणी म्हणून सासूबाई तर त्याची चूळसुद्धा भरायच्या नाहीत.

उन्हाळा वाढला तसं बोअरचं पाणी कमी झालं. घरापुरतं कसंबसं निघायचं, टब रिकामा करून पुन्हा भरण्याइतकं नाही. मग जुनंच पाणी ठेवायचं आणि पावडर वाढवायची, असं चाललं. उकाड्यात गरम पाणी कोणाला सोसवत नव्हतं, म्हणून हिटर बंद. सासूबाई सकाळच्या गारव्यात थोडा वेळ तशाच बसायच्या. बोटं हलती ठेवायची म्हणून.

वैशाखात पाहुण्यांची अशीच एक झुंड येऊन गेली आणि पाणी पार गढूळ झालं. आम्हाला सकाळी शिरूरला लग्नाला जायचं होतं. यांनी जाताना नेहमीपेक्षा खूप जास्त पावडर टाकली आणि झाकण उघडं ठेवलं, कारण वास उडून जावा लागतो. "आज बसू नका," असं सासूबाईंना सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. ऊन झेपत नाही म्हणून त्या घरीच राहिल्या होत्या.

लग्न लागलं, जेवणं झाली, आम्ही दुपार कलताना परतलो. आमच्या नांगरलेल्या रानात मेंढरं बसलेली दिसली. कोकणातून गावाकडं परतणारा कळप होता. मागल्या अंगणात गेले तर टब रिकामा, जमीन ओली. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, चेहरा उजळलेला.

"लाईट न्हवती," त्या म्हणाल्या. "टाकीत थेंब न्हाई. मेंढरं जिभा काढून हुबी. मग म्या हौदाचा कॉक उघडला. ह्या हातानं." त्यांनी उजवा हात वर करून दाखवला आणि बोटं उघडून मिटली. "गेल्या सालाला झालं असतं का माझ्याच्यानं?"

टबाच्या खालच्या बाजूला पाणी सोडायचा कॉक होता आणि त्याला नळी लावलेली होती. यांना तो कॉक फिरवताना त्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं. मेंढपाळाच्या बायकोनं घमेली धरली, सासूबाईंनी पाणी सोडलं. वासामुळं बरीच मेंढरं तोंड लावून मागं सरली, असं तिनं नंतर सांगितलं. फार तहानलेली होती ती प्यायली. त्यात कोकरं होती.

हे तसेच लग्नाच्या कपड्यांत रानाकडं धावले. मी सासूबाईंजवळ उभी राहिले, आणि त्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद कसा कमी कमी होत गेला ते मी पाहिलं.

यवतहून जनावरांचे डॉक्टर आले. सुया दिल्या, औषधं पाजली. दिवस मावळेपर्यंत काही कोकरं गेली आणि एक म्हातारी मेंढी. डॉक्टर म्हणाले, पाण्यातल्या पावडरीनं असेल, किंवा उन्हात उपाशीपोटी एकदम पाणी ढोसल्यानंही असेल, खात्रीनं सांगता येत नाही. यांनी भरपाईचा विषय काढला तर मेंढपाळानं हात जोडले. सासूबाईंसमोर येऊन खाली बसला आणि म्हणाला, "मावशे, उन्हाचं झालंय हे. घाटापासनं पाणी न्हवतं त्यास्नी. तुमचं काय न्हाई ह्यात." तो खरंच तसं समजत होता की त्यांचं मन राखत होता, कोणास ठाऊक.

तो गेल्यावर सासूबाईंनी लेकाला विचारलं, "काय व्हतं पाण्यात?"

"पावडर असते, आई."

"कशापायी?"

"पाणी साफ राहावं म्हणून."

त्यांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "साफ पाण्यानं मरत्यात व्हय?"

त्यानंतर त्या टबात उतरल्या नाहीत. पाऊस झाला, बोअरला पाणी आलं, यांनी टब घासून घासून धुतला आणि पावडरीचा कणसुद्धा न टाकता नुसतं ताजं पाणी भरलं. हात धरून विनवण्या केल्या. त्या मान हलवायच्या. मी घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यांच्या पुढ्यात बसायचे, तर हात पदराखाली घ्यायच्या. रागावल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "राहू दे पोरी," एवढंच म्हणायच्या. दसऱ्यापर्यंत बोटं पुन्हा वळू लागली. दिवाळीत मी पुन्हा दुधात भाकरी कुस्करायला बसले. यावेळी त्या डोळे मिटत नव्हत्या. आपल्याला हेच मिळायचं होतं असं ठरवून टाकल्यासारखं तोंड उघडायच्या.

मला कोकरांचं वाईट वाटतं, पण खरं सांगायचं तर त्या हातांचं जास्त वाटतं. पाप लागत असेल तर लागो. इतक्या कष्टानं मोकळी झालेली बोटं होती, आणि त्यांनी जे पहिलं मोठं काम केलं ते हे. आम्ही सगळ्यांना बजावलं होतं की पाणी पिऊ नका. माणूस सोडून दुसरं कोणी ते पिईल हे आमच्या डोक्यातही आलं नाही, आणि तेसुद्धा मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात. शिरूरच्या फ्लॅटमध्ये राहून आम्ही एवढं विसरलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या. टब पुढं भंगारवाल्यानं नेला. हे त्या दिवशी घरात थांबले नाहीत.

त्यानंतरच्या वैशाखात पुन्हा कळप जाऊ लागले. एका दुपारी एक मेंढपाळीण फाटकाशी आली, डोक्यावर चुंबळ, हातात रिकामी कळशी. रस्त्यावर तिची मेंढरं थांबली होती. लाईट होती, बोअर चालू होती. मी कळशी घेतली आणि नळाखाली धरली. ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "थांब."

त्यांनी मला त्याच नळाचा तांब्या भरून आणायला लावला. त्यांना तो धरता येईना, म्हणून मी त्यांच्या ओठांना लावला. त्या प्यायल्या. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर ओघळत होतं, तरी थांबल्या नाहीत, तळाशी काही उरू दिलं नाही. फाटकातली बाई बुचकळ्यात पडून बघत होती. ती आमची कोणी नव्हती, तिला यातलं काही माहीत नव्हतं, आणि तिचा घसा सुकला होता. सासूबाईंनी तिला तसंच थोडा वेळ उभं ठेवलं. मी रिकामा तांब्या हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिले.

मग त्या म्हणाल्या, "मला काय झालं न्हाई. आता पाज त्यास्नी."