वास्तुशांत

शांतीचं नाव घेऊन कुणी मत मागायला आलं, की मला ती बाई आठवते आणि अजून हसू फुटतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. घराघरांत भांडणं लावतो म्हणून बदनाम झालेल्या एका पंथानं 'शांती मंडळ' काढलं आणि बारामतीत मेळावा भरवला. माझ्या शेजारी पणदऱ्याची एक भाजीवाली बसली होती. मांडीवर कोथिंबीर, हात जुड्या बांधण्यात, कान मात्र भाषणाकडं.

प्रार्थना झाली, कबुतरं उडाली. मग पंथाचे महाराज मुद्द्यावर आले, "झेडपीला आमचाच शांतिदूत निवडून द्यायचा. करा हात वर!" प्रसाद खाल्लेला सगळा मांडव हात वर करून बसला.

ती पदर खोचून उठली. "म्हाराज, औंदा आमी नव्या घराची वास्तुशांत केली. भटजी आलं, शांत केली, जेवलं, दक्षिणा घिऊन गेलं. घर काय त्यांच्या नावावर केलं न्हाय!"

मांडवात हशा उसळला. हात भराभर खाली आले.

महाराज तडकले, "बाई, नाव काय तुमचं?"

"माझं नाव कशाला? हात बघा की, किती ऱ्हायल्यात वर!" असं म्हणून ती पुढची जुडी बांधायला बसली.