सहाव्या रांगेतली सावली

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे ऊन कुठून येतं हे सोलापुरात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

आमच्या भागातल्या फुटबॉल क्लबची आम्ही दरवर्षी तीन सीझन तिकिटं काढतो. मी, आमचे हे आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांचा जन्म मंगळवेढ्याकडच्या माळावर मेंढरं राखण्यात गेला, आणि फुटबॉलमध्ये त्यांना फक्त गोलकीपर आवडतो. बाकीचे नुसते पळतात, राखण करणारा तो एकटाच, असं त्यांचं मत. गेल्या सीझनला उघड्या पायऱ्यांवर बसून त्यांना भोवळ आली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की सावली मिळाली तर मॅच, नाहीतर घर. मामांनी डॉक्टरांशी बोलणंच टाकलं. (डॉक्टरांना ते अजून कळलेलं नाही.) मी मात्र पदर खोचला. मामांना सावलीतली खुर्ची मिळवून देईन, तरच नावाची भूगोलवाली!

संधी लगेच आली. क्लबने गॅलरी वाढवली, वर पत्रा घातला, नव्या खुर्च्या बसवल्या. मे महिन्यातल्या एका रविवारी जुन्या तिकीटवाल्यांना मॅचच्या वेळेला, म्हणजे चार वाजता, बोलावलं. हिंडा, बसून बघा, पसंत पडली की क्लबचा माणूस खुर्चीवर तुमच्या नावाची चिठ्ठी चिकटवणार. चिठ्ठी लागली की सीझन संपेपर्यंत बदल नाही.

मी होकायंत्र, टेप आणि खडू घेऊन गेले. (खडू सवयीने.) सगळी गॅलरी पालथी घातली आणि मधल्या भागातली सहावी रांग मुक्रर केली. तिथे इतकी गार सावली होती की बाहेर मे महिना आहे हे विसरायला व्हावं.

मामांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा पत्र्याकडे.

"सूनबाई, मॅची थंडीत असत्यात. तवा सुर्व्या दक्षिणेला कलतोय. ऊन पत्र्याखालनं थेट तोंडावर यील हितं." मग त्यांनी पश्चिमेच्या टोकाकडे बोट केलं. "तितं बसू की. टाकीची सावली पडंल."

त्या कोपऱ्यात पाण्याची टाकी होती, गोलही जवळ होता आणि ऊन असं रणरणत होतं की हे तिथल्या खुर्चीवर टेकले आणि टेकल्यापेक्षा जास्त वेगाने उठले. मामांना गोलकीपर जवळून बघायचाय, हे मी ओळखलं. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने मला सूर्य शिकवावा? मी त्यांना समजावून सांगितलं की याला शास्त्र लागतं. मामांनी ह्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली. मेंढरू हटून बसलं की ते अशीच मान हलवत असणार.

इतक्यात माझे जुने विद्यार्थी भोवती जमले. बाईंनी मोजून बघितलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. पाचवी, सहावी, सातवी रांग भराभर भरली. मी खडूने खुणा करत पंचवीस कुटुंबांना मार्गदर्शन केलं आणि त्या गडबडीत आमच्या चिठ्ठ्या लावून घ्यायचं काम ह्यांच्यावर सोपवलं.

नोव्हेंबरात पहिली मॅच लागली. आम्ही तिघं आत शिरलो. मी सहाव्या रांगेकडे वळले, हे दोघं टाकीकडे गेले. पाणी प्यायला गेले असतील म्हणून मी पुढे निघाले. माझ्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते. मी उठा म्हटलं, तर त्यांनी पाठीमागची चिठ्ठी दाखवली. नाव त्यांचंच! वर म्हणाले, "बाई, तुम्हीच तर ही जागा सांगितली आम्हाला."

मी उभीच होते, तेवढ्यात ऊन पत्र्याखालून आत शिरलं आणि पंचवीसच्या पंचवीस कुटुंबांनी एकदम डोळे मिटले. कुणी टॉवेल गुंडाळला, कुणी डब्याचं झाकण धरलं, आणि एका आजींनी क्लबचा झेंडाच डोक्यावर घेतला. पश्चिमेच्या कोपऱ्यात टाकीच्या गडद सावलीत मामा चपला काढून मांडी घालून बसले होते. शेजारी हे. त्यांच्या शेजारी एक रिकामी खुर्ची, तिच्यावर माझ्या नावाची चिठ्ठी.

मला तिथवर तीन रांगांसमोरून चालत जावं लागलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबलेला प्रवास तोच. अर्ध्या वाटेत माझा एक जुना विद्यार्थी कपाळावर हात धरून म्हणाला, "काय बाई, आम्हाला उन्हात घातलं आन् आपण सावली धरली व्हय? लई हुशार हायसा की तुम्ही."

मी मान खाली घालून मामांशेजारी जाऊन बसले. लाजेने माझं तोंड उन्हात बसल्यासारखंच तापलं होतं. मामांना माझी दया आली.

"खरं सांगू का त्यास्नी? ही जागा म्या दावली, तुजं चुकलं, म्हणून?"

तीन रांगा माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या लेखी मी लबाड, स्वार्थी, आपमतलबी बाई होते. पण माझा भूगोल पक्का होता.

"नको मामा," मी म्हटलं. "लबाडच राहू द्या."