टाकीच्या इंजिनाचं पाणी

एक इंजिन दिवसातून किती वेळा पाणी भरतं, हे तुम्ही कधी मोजलंय? मी मोजलंय. ऐन उन्हाळ्यात पाच दिवस, क्वार्टरच्या ओट्यावर वही घेऊन बसले होते. आणि त्या मोजणीपायी एका भल्या माणसाची नोकरी जायची वेळ आली.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. वडील डहाणू रोडच्या मालधक्क्यावर कारकून. मी एकोणीस वर्षांची, पत्रकं वाचून वाढलेली. अन्याय दिसला की आधी कागद शोधायचा, ही माझी सवय.

यार्डात वॅगन हलवायला एकच जुनं टाकीचं इंजिन होतं. या वर्गाची इंजिनं साहेबाच्या काळात विलायतेत बांधली गेली, बोटीनं इकडे आली. त्यांच्यामागे पाण्या-कोळशाचा वेगळा डबा नसतो. पाणी बॉयलरच्या दोन्ही अंगांच्या टाक्यांत, कोळसा ड्रायव्हरच्या पाठीशी. त्यामुळे तोंड न फिरवता ती पुढे-मागे सारखीच धावतात. उमेदीच्या काळात त्यांनी पॅसेंजर गाड्या ओढल्या. विजेच्या गाड्या आल्यावर त्यांना कुणी विचारेना, मग यार्डायार्डांत वाटून टाकली.

इंजिनाचे ड्रायव्हर आमचे शेजारी, मी त्यांना काका म्हणायचे. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. "एवढ्या कामाला दोनदा भरलं की पुरतं," असं ते एकदा सहज बोलले होते. माझ्या वहीत रोज चार वेळा भरल्याची नोंद होती. म्हणजे टाक्या गळतायत! परक्यांनी वापरून टाकलेलं भंगार आमच्या कामगारांच्या गळ्यात मारलंय! मी रात्रंदिवस तेच बोलत होते. पत्रक लिहिलं, मालधक्क्याच्या भिंतीवर चिकटवलं, एक प्रत वरच्या साहेबांना धाडली.

साहेब आठवड्याभरात हजर. टाक्या तपासल्या. एक थेंब गळत नव्हता. मग रोजचं दोन वेळचं पाणी जातं कुठे? काकांच्या हातात खुलाशाची नोटीस पडली. उत्तर समाधानकारक नसेल तर नोकरीतून कमी करू, असं त्यात स्पष्ट होतं.

मी धावत त्यांच्याकडे गेले. ते दाढी करत होते.

"काका, पाणी जातं कुठे?"

"आता विचारतेस?" आरशातूनच ते म्हणाले. "तुझा हिशेब बरोबर आहे, पोरी. पण टाकी फुटलेली नाही. तोटी मी उघडतो. चल, दाखवतो."

ते मला यार्डाच्या टोकाला घेऊन गेले. तिथल्या सायडिंगवर, म्हणजे वॅगन उभ्या करायच्या बाजूच्या रुळांवर, तलासरीकडच्या डोंगरातलं गवत वॅगनमध्ये भरलं जाई. गाठी उचलणाऱ्या बाया त्याच बाजूच्या शेतकरी घरांतल्या, भात-नाचणीचं काम संपलं की इथे यायच्या. स्टेशनचा नळ त्यांना बंद, तो फक्त रेल्वेच्या माणसांना. जवळच्या सरावली गावच्या विहिरीत तेव्हा गाळ लागलेला. इंजिन सायडिंगला आलं की काका टाकीखालची तोटी सोडायचे आणि बाया हंडे भरून घ्यायच्या. आमच्या ओट्यापासून ही जागा तीनशे पावलांवर. वॅगनच्या भिंतीपलीकडे मी कधी डोकावलेच नव्हते.

त्या दिवशी हंडे कोरडेच होते. नोटिशीनंतर तोटी बंद होती.

एक वयस्कर बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही काय दादा, ती लिवणारी?"

"हीच," काका म्हणाले.

"बाय, इंजनानं किती पाणी पिलं ते लिवलंस. आमी किती पितो, ते कोन लिवणार? तुझा बाप?"

बाया हसल्या. काकाही हसले. मला हसू आलं नाही. तिथेच गाठीवर बसून मी दुसरा कागद लिहिला. टाकी गळते हा निष्कर्ष माझा आणि तो चुकीचा, ड्रायव्हरांनी तहानलेल्या मजुरांना पाणी दिलं, सायडिंगवर नळ हवा. खाली सही केली. मी प्रत्येक ओळ वाचून दाखवली आणि बायांनी अंगठे उमटवले. "तहानलेल्या" ऐवजी "रेल्वेचंच गवत भरणाऱ्या" लिही, असं त्या वयस्कर बाईनं सुचवलं. गवत व्यापाऱ्याचं होतं, पण वॅगन रेल्वेचीच. मी "रेल्वेच्या वॅगन भरणाऱ्या" असं लिहिलं.

तो कागद काकांच्या खुलाशासोबत साहेबांकडे गेला आणि नोकरी वाचली. पण काकांना उरलेल्या महिन्यांसाठी दुसऱ्या यार्डात पाठवलं. नव्या ड्रायव्हरनं तोटीला हात लावला नाही. नळाच्या अर्जाला "विचाराधीन" असं उत्तर आलं, मग तेही येईनासं झालं. पुढे काही वर्षांनी तो सगळा वर्गच मोडीत निघाला. कोळशाचा धूर गेला म्हणून आमच्या क्वार्टरांत आनंद झाला. त्याच्या जागी डिझेल आलं, त्याच्याखाली हंडा धरता येत नाही.

वाचणाऱ्यांनो, उद्या तुमच्या स्टेशनच्या मालधक्क्यावर जा. ओझी उचलणाऱ्या बायांना पाणी कुठून मिळतं, ते त्यांनाच विचारा. नळ नसेल तर त्यांच्यासोबत बसून अर्ज लिहा, आणि नळ येईपर्यंत लिहीत राहा.