साहेबांचा गुडघा

किल्लीकाकींच्या दुकानात शिरायचं तर आधी साहेबांची परवानगी लागे. साहेब म्हणजे काकींचा कुत्रा. तपकिरी, धिप्पाड, आणि जात कोणती ते त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं. दाराशी लाकडी खोक्यावर बसून ते येणाऱ्याचे बूट हुंगत आणि पसंत पडले तरच बाजूला होत. आत काकी कानशीने किल्ली घासत बसलेल्या असत. त्यांच्या तोंडाला अख्खी गल्ली वचकून होती. त्यांचे यजमान, म्हणजे काका, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, लोण्यासारखे मऊ. साहेबांचे लाड काकांनी करायचे आणि शिस्त काकींनी लावायची, अशी घरात वाटणीच होती.

एका सकाळी समोरच्या भिंतीवर मांजर दिसलं. साहेबांनी खोक्यावरून उडी घेतली, हवेतच गर्रकन वळले आणि खाली येताच असे केकाटले की काकींच्या हातातून कानस गळून पडली. मागचा उजवा पाय त्यांनी पोटाशी धरला, तो टेकवेचनात. लचकला असेल म्हणून काकांनी दोन दिवस शेकून पाहिला. फरक शून्य. मग काकींनी दुकान बंद केलं आणि साहेबांना गाडीत घालून दवाखाना गाठला.

जनावरांच्या त्या दवाखान्यातल्या सर्जनबाई वयाने लहान, पण चांगल्या खमक्या होत्या. त्यांनी एका हाताने साहेबांची मांडी धरली, दुसऱ्या हाताने खालचं नळीचं हाड, आणि ते हलकेच पुढे ढकललं. टेबलाचा खण उघडावा तसं ते सरकलं.

"हे असं सरकायला नको," बाई म्हणाल्या. "गुडघ्यातलं लिगामेंट याला धरून ठेवतं. ते तुटलंय."

"मग शिवून टाका."

"शिवून टिकत नाही, काकी. कुत्र्याच्या या हाडाचा माथा उतरता असतो. पायावर वजन आलं की वरचं हाड त्या उतारावरून घसरतं. आम्ही माथा कापून जरा फिरवतो, उतार कमी करतो, आणि धातूची पट्टी स्क्रूने बसवतो. मग लिगामेंट नसलं तरी गुडघा जागेवर राहतो."

"आणि नाही केलं तर?"

"जगेल, पण लंगडत. सांधा झिजत जाईल, दुखणं काही सुटणार नाही."

"करा."

"आधी ऐका तरी. ऑपरेशन माझं, पुढचे दोन महिने तुमचे. पळणं नाही, उडी नाही, जिना नाही. लघवीपुरतं बाहेर न्यायचं, तेही दोरी लावून. हाड जुळायच्या आत एकदा जरी सुसाट सुटला, तरी पट्टी हलू शकते."

काकींनी नुसती मान हलवली.

ऑपरेशन पार पडलं तशी नणंद बघायला आली. "वहिनी, इथे माणसांचे गुडघे दुखतायत आणि तू कुत्र्याचा करून आणलास?"

"तुझा तुटू दे, तुझाही करीन. चहा घे."

राहायची खोली दुकानाच्या वर होती, आणि जिना तर बंद. काकींनी आपली गादी खाली दुकानात आणली. दोरीचं एक टोक साहेबांच्या पट्ट्याला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला.

"अगं, खिळ्याला बांध की," काका म्हणाले.

"खिळ्याला डोळे नसतात."

टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची टोपली घातलेली. साहेब दिवसभर कुंई कुंई करत. काकांचा जीव खालीवर होई. "जरा सोड ना त्याला. कसा बघतोय बघ!"

"तुम्ही बघू नका. तुमची दया त्याच्या पायाला महागात पडेल."

काका वर निघून जात. साहेबांनीही मग काकींशी अबोला धरला. त्या जवळ बसल्या की ते पाठ फिरवत, आणि जिन्यावर काकांची चाहूल लागली की शेपटी आपटत. काकींना ते फार लागलं.

एका दुपारी शेजारच्या इमारतीतली एक सून धापा टाकत आली. ती कचरा टाकायला बाहेर आली होती, मागे दार आपटून लॅच लागलं, आणि आत चालायला शिकलेलं बाळ एकटं, गॅसवर दूध. असं काही कानावर आलं की काकींचे पाय डोक्याच्या आधी निघत. उभा जन्म त्यात गेला होता. त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि धूम ठोकली. रस्त्याच्या मध्यावर त्यांना जाणवलं, की बरोबर कोणीतरी पळतंय. दोरी अजून कमरेलाच होती, नुसती सैल पडलेली, आणि साहेब चारी पायांवर उड्या मारत, खूश होऊन, त्यांच्या बरोबरीने धावत होते.

काकी तिथेच थांबल्या. मग कमरेची गाठ सोडून दोरी मागून आलेल्या काकांच्या हातात दिली, म्हणाल्या, "उचलून न्या, चालवू नका," आणि बाळाकडे पळाल्या. लॅच उघडलं, बाळ सुखरूप होतं, दूध तेवढं उतू गेलेलं. त्या आईने त्यांचे हात धरले तेव्हा काकींना धड हसताही आलं नाही.

संध्याकाळपर्यंत साहेबांचा गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"एक स्क्रू ढिला झालाय. पट्टी जागेवर आहे, पण हाड हललंय. आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं."

"चूक माझी," काकी म्हणाल्या. "याची नाही, यांचीही नाही. पहिल्यापासून तर पहिल्यापासून."

बाहेर आल्यावर काका रडवेले झाले. "मला नाही बघवत गं आता. त्या बिचाऱ्याला वाटत असेल, आपण त्याच्यावर सूड उगवतोय."

"वाटू दे. माझा राग राग करू दे. पण लंगडा नाही होऊ देणार."

आणि काकी तशाच वागल्या. कुलूप उघडायला बाहेरचं बोलावणं आलं, की आधी दोरी सोडून काकांच्या हातात द्यायची, ती त्यांनी घट्ट धरली की नाही ते बघायचं, मगच पाऊल उचलायचं. काकांनी लपवून आणलेली बिस्किटं जप्त केली, कारण वजन वाढलं तर भार गुडघ्यावर. साहेबांनी एकदा काकींच्या नव्या चपला कुरतडल्या. काकींनी त्या तशाच पायात घातल्या.

शेवटच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. सर्जनबाई दवाखान्यामागच्या मोकळ्या अंगणाचं दार उघडत म्हणाल्या, "काकी, सोडा आता."

काकींनी पट्ट्याची कडी काढली. काका अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला, भिंतीशी उभे होते. साहेबांनी एकदा अंग झटकलं, आणि काकींकडे ढुंकूनही न बघता जे सुटले ते थेट काकांच्या अंगावर. काका खाली बसले, साहेब त्यांचं तोंड चाटत सुटले.

काका अगदी ओशाळले. ते तिथूनच ओरडले, "अगं, सगळं तू केलंस, आणि हा बघ, माझ्याकडे आला!"

काकींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलंही नाही.

"कुणाकडे का येईना," त्या म्हणाल्या. "चार पायांवर आला ना?"