मावशींच्या दमाएवढी ओळ

कोलशेतला आमच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी दहाबारा ख्रिस्ती माणसं उपासनेला जमतात. गाणी घरमालक स्वतःच रचतात. नवी ओळ सुचली की जिन्यात मला अडवतात. "तुम्ही देव मानत नाही ना? मग खरं सांगाल."

बहुतेक ओळी मी सहन करतो. एक मात्र खरंच सुरेख होती: 'ओहोटीच्या चिखलातही चमकत राहतं थोडं पाणी, तशी दया तुझी, प्रभो.' मी तसं म्हणालो. त्यांनी ती दूधवाल्यालाही ऐकवली.

पुढच्या सोमवारी म्हणाले, "काढली ती ओळ."

"अहो, तीच तर चांगली होती!"

"लांब होती. आमच्या दमेकरी मावशींना अर्ध्यातच धाप लागली. मग शेवटपर्यंत गप्प. म्हणाल्या, आता मी नुसती ऐकायला येईन रे."

"मग ऐकू देत की."

"गाणं गायला केलंय, साहेब." चेहरा मात्र पडलेला होता.

या रविवारी वरून आखूड ओळींचं एक साधंसुधं गाणं ऐकू आलं. एक घरघरता आवाज सगळ्यांच्या मागून, पण प्रत्येक ओळीच्या शेवटापर्यंत पोचत होता.

ती सुरेख ओळ आता बहुधा मलाच पाठ आहे, आणि मी काही वर जात नाही.