बकरीच्या आतड्यांचा परिच्छेद

बॉनमधल्या एका मदतसंस्थेत मी एकोणीस वर्षं इतरांचे अहवाल नीटनेटके करतोय. त्यातली एक गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही.

उत्तर केनियात आमच्यासाठी काम करणाऱ्या बाईंचा अहवाल आला होता. त्यांच्याकडे जाणती माणसं बकरी कापून तिची आतडी पाहतात, त्यावरून पावसाचा अंदाज बांधतात. त्या वर्षी पाऊस दगा देणार, असं निघालं होतं. मी दोन ओळी वाचल्या आणि अख्खा परिच्छेद उडवला. उपग्रहावरून बांधलेला अंदाजाचा नकाशा पाऊस ठीक होईल म्हणत होता, तो चिकटवला.

तसं करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या जर्मन बॉसबाईंनी तर तो परिच्छेद पाहिलाच नव्हता. मला भीती होती लोक हसतील याची. लहानपणी आई पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायची, बेडूक निघाला की भरपूर पाऊस, म्हणून खूश व्हायची. आणि विज्ञान शिकवणारे वडील पाहुण्यांसमोर तिची टर उडवायचे. मीही हसायचो. इथलं हसू आफ्रिकेवरून सुरू होऊन माझ्यावर येईल, असं वाटलं. म्हणजे मी बाईंना वाचवत होतो की स्वतःला? अजून नीट कळत नाही.

पाऊस आला नाही. जनावरं मेली.

गेल्या मार्चमध्ये केनियाच्या बाई एका बैठकीसाठी बॉनला आल्या. कॅन्टीनमध्ये मी सगळं सांगून टाकलं.

त्या सूप पीत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढचं वाचलं होतंत?"

"नाही."

"तिघांनी आतडी पाहिली. दोघं म्हणाले दुष्काळ, एक म्हणाला नाही. मग दोन दिवस भांडण. शेवटी ठरलं, अर्धे उंट डोंगराकडे न्यायचे, तिथल्या लोकांकडे चराईची परवानगी मागायची. तुमच्याकडे मागितलं काय? वाटेवरच्या दोन विहिरींचे पंप दुरुस्त करून द्या. बस."

"पण मग आतडी खरी ठरली, असं..."

"मला काय ठाऊक? मी भूगोल शिकलेय. नाही म्हणणारे माझे मामा होते. अजून कबूल करत नाहीत!" त्या हसल्या. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "उंट बंद पंपापाशी मेले."

त्यांनी सुपाची वाटी बाजूला सारली.

"यंदाही तसाच परिच्छेद लिहिलाय. उद्या बैठकीत तुम्ही वाचा."

"बकरीसकट?"

"बकरीपासून."

दुसऱ्या दिवशी वाचला. बॉसबाईंनी विचारलं, "तुमचा विश्वास आहे यावर?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही. म्हणजे... माहीत नाही."

"आल्झो, बरं तर," त्या केनियाच्या बाईंकडे वळल्या, "पंप कधीपर्यंत हवेत?"

दोघी तारखांबद्दल बोलू लागल्या. परिच्छेद जसाच्या तसा राहिला. कोणी हसलं नाही. हसले असते तर तेव्हाची माझी भीती तरी खरी ठरली असती, मला बरं वाटलं असतं, असंही त्या क्षणी वाटून गेलं.